ठाणे-नवी मुंबईहून वस्तुसंग्रहालय पाहायला निघताना: आधी ‘कुठून’ ते वाचा

मुंबईतले छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय ठाण्या-नवी मुंबईतल्या बहुतेकांनी शाळेच्या सहलीत पाहिलेले असते. त्यातले फार काही आठवत नाही, कारण सहलीत सगळी दालने दोन तासांत ‘उरकायची’ असतात. हा लेख पुन्हा नव्याने जाणाऱ्यांसाठी आहे. पन्नास हजारांहून जास्त वस्तूंच्या या संग्रहात एका फेरीत काय पाहावे, कोणत्या क्रमाने पाहावे आणि पाहताना कशाकडे लक्ष द्यावे, एवढेच इथे सांगितले आहे.

एकच नियम धरून चला. कोणत्याही वस्तूसमोर उभे राहिलात की पाटीवर ती ‘कुठून’ आली ते आधी वाचा. नाव, काळ, शैली हे सगळे नंतर. सोपारा, घारापुरी, नाशिक, मेणवली, कुर्ला अशी ओळखीची गावे या वास्तूत जागोजागी भेटतात, आणि ती सापडू लागली की दालनांमधला कंटाळा जातो.

दिवस कोणता निवडावा

संग्रहालय सोमवारसह आठवड्याचे सगळे दिवस सकाळी सव्वादहा ते सायंकाळी सहा उघडे असते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ते बंद असते. ‘सुट्टी आहे, जाऊन येऊ’ म्हणून नेमक्या याच तारखांना निघणारे पुष्कळ असतात. तिकिटाचे दर आणि वेळा बदलू शकतात, म्हणून आदल्या दिवशी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर एकदा नजर टाका. हे संग्रहालय सरकारी खात्याचा भाग नाही, विश्वस्त मंडळ ते चालवते. सरकारी संग्रहालयांपेक्षा इथले तिकीट जास्त का, याचे उत्तर त्यातच आहे.

रविवार टाळता आला तर टाळा. एक कारण गर्दी. दुसरे आणि ठाणेकरांसाठी मोठे कारण मेगाब्लॉक. मध्य रेल्वेचा ब्लॉक साधारणपणे सकाळी उशिरा सुरू होऊन दुपारी तीन-चारपर्यंत चालतो, म्हणजे तुमच्या जाण्याची किंवा परतण्याची वेळ त्यात सापडतेच. मुख्य मार्गावर ब्लॉक असला की फास्ट गाड्या स्लो मार्गावर वळवतात. पोहोचता येते, पण वेळ जातो. हार्बरवर ब्लॉक असला तर वाशी-पनवेलकडच्या सीएसएमटी गाड्याच रद्द होतात. रविवारीच जायचे असेल तर शनिवारी संध्याकाळी ब्लॉकचे वेळापत्रक पाहा आणि नवी मुंबईकरांनी गरज पडल्यास ट्रान्स-हार्बरने ठाण्याला येऊन मुख्य मार्ग धरा.

सर्वात चांगली वेळ मंगळवार ते शुक्रवार, दार उघडताना. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मात्र शाळांच्या सहलींचा हंगाम असतो. अकराच्या सुमारास बसगाड्या येऊ लागतात आणि मुलांच्या रांगा आधी तळमजल्यावरच्या शिल्पांकडे वळतात. तेव्हा या महिन्यांत क्रम उलटा करा. आधी वरच्या मजल्यावरची लघुचित्रे पाहा, शिल्पे दुपारी.

पोहोचायचे कसे

ठाण्याहून सीएसएमटी फास्ट लोकलने पाऊण ते एक तास. वाशीहून साधारण पन्नास मिनिटे, पनवेलहून सव्वा ते दीड तास. ऐरोली, रबाळे, घणसोलीकरांना ठाण्याला येऊन फास्ट पकडणे सोयीचे.

सीएसएमटीहून संग्रहालय दीड-दोन किलोमीटर आहे. पावसाळा नसेल आणि सोबत लहान मूल नसेल तर चाला. दादाभाई नौरोजी रस्त्याने हुतात्मा चौक, तिथून काळा घोडा, आणि पुढे डाव्या हाताला जहांगीर आर्ट गॅलरीला लागूनच संग्रहालयाचे आवार. वीस-पंचवीस मिनिटे लागतात. सीएसएमटीलाच मेट्रो ३ पकडली तर पुढचेच स्थानक हुतात्मा चौक, तिथून चालणे अर्ध्यावर येते. टॅक्सीवाल्याला संग्रहालयाचे आजचे नाव सांगून समजले नाही तर ‘रीगल टॉकीजजवळचं म्युझियम’ म्हणा. स्वतःची गाडी मात्र नेऊ नका. या भागात ती उभी करायला जागा शोधण्यात अर्धा तास सहज जातो.

तिकिटाआधी दहा मिनिटे बाहेर

बहुतेक लोक थेट दाराकडे जातात. तसे करू नका. बागेच्या मधोमध थांबा आणि भिंतींचा दगड पाहा. दोन रंग दिसतील: निळसर काळा आणि पिवळट. निळसर दगड म्हणजे कुर्ल्याचा बेसाल्ट आणि पिवळट दगड मालाडचा. ज्या कुर्ल्यावरून तुमची लोकल नुकतीच आली, तिथल्या खाणींतला दगड या भिंतींत आहे.

इमारतीची रचना जॉर्ज विटेट या वास्तुविशारदाची. १९०९ साली खुली स्पर्धा झाली, तीत त्याचा आराखडा निवडला गेला. गेटवे ऑफ इंडियाही त्याचेच काम. पायाभरणी मात्र त्याच्या कितीतरी आधी, ११ नोव्हेंबर १९०५ रोजी झाली होती, तीही तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते. ‘प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम’ हे आधीचे नाव त्यावरूनच पडले. आजचे नाव १९९८ पासूनचे.

इमारत १९१४ मध्ये तयार झाली आणि संग्रहालय म्हणून उघडली १० जानेवारी १९२२ रोजी. मधली वर्षे कुठे गेली? पहिले महायुद्ध पेटले आणि ही नवीकोरी वास्तू लष्करी रुग्णालय म्हणून वापरली गेली. आज जिथे मूर्ती आणि चित्रे आहेत तिथे जखमी सैनिकांच्या खाटा होत्या. आत गेल्यावर दालनांची उंची आणि मोकळी हवा पाहा, रुग्णालयासाठी ही जागा का निवडली असेल ते लगेच कळते.

आता घुमटाकडे पाहा. बाहेरचा आकार गोवळकोंड्याच्या वळणाचा आहे आणि आतल्या, घुमटाला आधार देणाऱ्या कमानींची मांडणी विजापूरच्या गोलघुमटावरून घेतली आहे. मध्यवर्ती दालनात उभे राहून मान वर केलीत तर या कमानी एकमेकींना छेदत घुमटापर्यंत कशा चढतात ते दिसते. तिथेच पहिल्या मजल्याच्या सज्जावर नजर टाका. तिथले कोरीव लाकडी कमानींचे काम मुळात नाशिकच्या एका वाड्यातले आहे. विटेटने ते गोल सज्जात बसवून घेतले. रोज शेकडो माणसे त्याच्याखालून जातात आणि क्वचितच कोणी वर पाहते, कारण सगळ्यांचे लक्ष तिकीट दाखवण्याकडे असते.

या वास्तूच्या दुरुस्ती आणि जतनाच्या कामाला २०२२ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा सर्वोच्च जतन पुरस्कार मिळाला. दगड स्वच्छ आणि सांधे नेटके दिसतात ते त्यामुळे.

आत शिरताना

मोठी बॅग ठेवून घेतात, म्हणून पाकीट, फोन, चष्मा आणि लहान वही वेगळ्या छोट्या पिशवीत आधीच काढून ठेवा. छायाचित्रांसाठी वेगळे शुल्क असेल तर ते तिकिटाबरोबरच भरा, मधून परत यावे लागत नाही. फ्लॅश कुठेही नको. खिडकीवर तीन गोष्टी विचारा: आज कोणती दालने बंद आहेत, मराठीत ऑडिओ गाइड मिळेल का, आणि नकाशा. दालनांची फेरमांडणी अधूनमधून चालू असते. एखादी वस्तू शोधत अर्धा तास फिरण्यापेक्षा हा एक प्रश्न स्वस्त पडतो. ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर लिफ्ट आणि व्हीलचेअरची चौकशी इथेच करा.

वेळेचा हिशेब असा ठेवा: शिल्पांना एक तास, लघुचित्रांना एक तास, मध्ये बसायला वीस मिनिटे, आणि उरलेला तास तुमच्या आवडीच्या एकाच दालनाला. तीन-साडेतीन तासांनंतर डोळे पाहतात पण मन नोंदवत नाही.

शिल्पांचे दालन: जुन्या मुंबई इलाख्याचा नकाशा

तळमजल्यावरच्या शिल्पांच्या पाट्या वाचत गेलात की एक कोडे पडते. सिंधमधले मिरपूरखास, गुजरातेतले शामळाजी, कर्नाटकातले ऐहोळे आणि आपले कोकण, हे सगळे एकाच दालनात कसे? उत्तर सोपे आहे. संग्रहालय उभे राहिले तेव्हा ही सगळी ठिकाणे मुंबई इलाख्यात, म्हणजे ब्रिटिशांच्या काळातल्या मुंबई प्रांतात होती. सिंध तर १९३६ पर्यंत मुंबईलाच जोडलेला होता. म्हणून मोहेंजोदडोच्या वस्तूही इथे पाहायला मिळतात. हे दालन म्हणजे जमिनीवर पसरलेला त्या इलाख्याचा नकाशा आहे, असे समजून फिरा.

सुरुवात सोपाऱ्याच्या शिलालेखाने करा. आजचा नालासोपारा हे प्राचीन काळी मोठे बंदर होते. पालघर जिल्हा २०१४ मध्ये वेगळा होईपर्यंत ते ठाणे जिल्ह्यातच होते. तिथे १८८२ मध्ये पुरातत्त्व अभ्यासक पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. पुढे १९५६ मध्ये जवळच्या भुईगावला नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. अशोकाचे प्रमुख शिलालेख चौदा आहेत. सोपाऱ्याला पूर्ण संच कोरलेला असावा असे मानतात, हाती मात्र एवढेच लागले.

हा दगड पाहताना बहुतेकांची निराशा होते, कारण समोरून पाहिले तर ओबडधोबड काळ्या दगडावर पुसट रेघा दिसतात. युक्ती अशी: समोर उभे राहू नका. दोन पावले बाजूला सरका, गुडघ्यात थोडे वाका आणि दगडाच्या पृष्ठभागाला समांतर नजर ठेवा. तिरक्या उजेडात अक्षरांच्या खाचांत सावली पडते आणि ब्राह्मी लिपी उठून दिसते. सगळ्यात आधी ‘क’ शोधा, तो अधिक चिन्हासारखा असतो. नंतर ‘ग’, उलट्या व्ही आकाराचा. भाषा प्राकृत. आठव्या लेखात अशोक सांगतो की पूर्वीचे राजे शिकारीच्या आणि मौजेच्या सहलींना निघत, आपण राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या. हे वाक्य दोन हजार दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी वसईजवळ दगडावर कोरले गेले होते, हे लक्षात घेऊन पुन्हा एकदा त्या तुकड्याकडे पाहा.

त्यानंतर घारापुरी. उरण तालुक्यातले हे बेट नवी मुंबईकरांना मुंबईकरांपेक्षा जवळचे, आणि प्रशासकीय दृष्ट्या रायगडचेच. तिथल्या लेण्यांचा काळ साधारण सहावे शतक. लेण्यांमधली बरीच शिल्पे फुटली आहेत, पण बेटावरून आणलेली ब्रह्मदेवाची आणि महिषासुरमर्दिनीची मूर्ती संग्रहालयात आहे. बेटावरच्या अंधाऱ्या मंडपात जे नीट दिसत नाही ते इथे हातभर अंतरावरून पाहता येते. चेहऱ्याचा शांतपणा, खालच्या ओठाची जाडी, केशरचनेतले बारकावे आधी इथे डोळ्यांत साठवा आणि मग कधी घारापुरीला जा. नेहमी लोक उलट करतात. होडीसाठी गेटवे चालत दहा मिनिटांवर आहे, पण एकाच दिवशी दोन्ही बसवू नका. आणि सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात.

ऐहोळ्याचे छतपट हा या दालनातला सर्वात आनंदाचा भाग. हुच्चप्पय्या मंदिराच्या छतात बसवलेले ब्रह्मा, विष्णू आणि शिव यांचे मोठे शिल्पपट आणि उडणारे गंधर्वयुगुल, सातव्या शतकाच्या आसपासची चालुक्य शैली. हे पट मुळात डोक्यावर होते, भाविक मान वर करून ते पाहत. शिल्पकाराने आकृत्या खालून पाहणाऱ्या डोळ्यांसाठी बेतल्या आहेत. म्हणून शक्य तितके जवळ जा, थोडे खाली बसा आणि वर पाहा. उडत्या गंधर्वाचे पाय आणि वस्त्राचे टोक तेव्हा खरोखर हवेत तरंगू लागते. सरळ समोरून पाहिले तर हीच आकृती काहीशी अवघडलेली वाटते, आणि दोष शिल्पकाराचा नसून आपल्या उभे राहण्याच्या जागेचा असतो.

मिरपूरखासच्या भाजलेल्या मातीच्या मूर्ती चुकवू नका. सिंधमधल्या काहू-जो-दडो येथील स्तूपाचे उत्खनन हेन्री कझिन्स यांनी १९०९-१० मध्ये केले, तिथले हे बुद्ध आणि हाती कमळ घेतलेला उपासक. दगड न मिळणाऱ्या प्रदेशात कलावंतांनी मातीतून एवढे मोठे आणि नाजूक काम कसे भाजून काढले असेल, हा प्रश्न कुंभारकाम जाणणाऱ्याला जास्त भिडेल. जाड मातीचा तुकडा भट्टीत तडकतो, कारण आत ओलावा राहिला की त्याची वाफ होऊन तो फुटतो. अशा मूर्तींवर रंगांचे अंश उरलेले असतात, तेही शोधा.

शेवटी परळच्या शिवाची प्रतिकृती. १९३१ मध्ये परळ-शिवडी भागात रस्त्याचे काम चालू असताना ही भव्य शिवप्रतिमा जमिनीतून निघाली. मध्ये उभा शिव, त्याच्यातूनच वर आणि दोन्ही बाजूंना उमलत गेलेल्या शिवाच्या आकृत्या, पायाशी वादन करणारे गण. काळ साधारण पाचवे-सहावे शतक. मूळ मूर्ती संग्रहालयात आणण्याचा विचार होता, पण स्थानिकांनी तिची पूजा सुरू केली आणि ती परळच्या बारादेवी मंदिरातच राहिली. संग्रहालयाकडे आहे तो तिचा साचा घेऊन केलेला प्लास्टरचा ठसा.

वरच्या मजल्यावर: लघुचित्रे कशी पाहावीत

लघुचित्रांच्या दालनात शिरताच लोक म्हणतात, ‘किती अंधार आहे!’ तो मुद्दाम ठेवलेला असतो. कागद आणि वनस्पतिज रंग उजेडाने फिके पडतात, आणि गेलेला रंग कोणत्याही उपायाने परत येत नाही. म्हणून जगभरची संग्रहालये अशा चित्रांवर साधारण ५० लक्सच (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) प्रकाश ठेवतात. घरातल्या बैठकीच्या खोलीत रात्री असतो त्याहूनही हा उजेड मंद. यावर उपाय एकच: दालनात शिरल्यावर तीन-चार मिनिटे काहीही न पाहता बसा, फोनचा पडदा बंद ठेवा. डोळे सरावले की रंग उजळतात. मध्येच फोन पाहिलात की पुन्हा पहिल्यापासून.

ही चित्रे भिंतीसाठी काढलेली नाहीत. ती पोथीत किंवा चित्रसंग्रहात असत, हातात धरून, मांडीवर ठेवून पाहिली जात. म्हणून अंतर एका हाताचे ठेवा. काचेला नाक लावू नका, श्वासाने काच धुरकटते आणि गजरही वाजू शकतो. काचेत स्वतःचे प्रतिबिंब आड आले तर गडद रंगाच्या कपड्यांचा फायदा होतो. पांढरा सदरा घालून गेलात तर प्रत्येक चित्रावर तोच दिसेल. लहान भिंग जवळ असले तर उत्तम.

पाहायचे काय? आधी कडा. मग चेहरे. मग पाने आणि पाणी. चित्रकार दोन-तीन कागद खळीने एकमेकांवर चिकटवून ‘वसली’ तयार करत, त्यावर पांढऱ्याचा पातळ हात देत आणि मग खारीच्या शेपटीच्या केसांच्या कुंचल्याने रंगवत. टोकाशी उरलेल्या एखाद-दोन केसांनी भुवया आणि झिरझिरीत ओढणीच्या रेषा काढल्या जात. रंग दगडांतून आणि वनस्पतींतून येत: हिरवा मॅलाकाइटपासून, निळा लाजवर्दापासून किंवा निळीपासून, लाल हिंगुळापासून. अधूनमधून चित्र पालथे घालून मागून अकीकाच्या गोट्याने घोटत. त्याने रंग कागदात बसतो आणि पृष्ठभागाला मिनेकामासारखी झळाळी येते. बाजूने पाहिलेत तर ती झळाळी आजही दिसते.

या संग्रहाचा पाया मुंबईच्या शेठ पुरुषोत्तम मावजी यांचा. त्यांचा संग्रह १९१५ मध्ये, म्हणजे दारे उघडण्याच्याही सात वर्षे आधी घेतला गेला. त्यातला काही भाग मुळात नाना फडणवीसांचा, वाईजवळच्या मेणवलीचा. पेशवाईचा कारभार चालवणाऱ्या माणसाला चित्रांचा एवढा सोस होता, हे शाळेच्या इतिहासात येत नाही. म्हणून इथे चित्राखालची ‘कुठून’ ही ओळ दोनदा वाचा: एकदा चित्र कुठे रंगवले गेले त्यासाठी, दुसऱ्यांदा ते कोणाकडून आले त्यासाठी.

अकबराच्या चित्रशाळेत तयार झालेल्या ‘अन्वार-इ-सुहैली’ या हस्तलिखिताची पाने हा संग्रहालयाचा मोठा ठेवा आहे. हे पंचतंत्रातल्या गोष्टींचेच फार्सी रूप. पाने मांडलेली असतील तर कावळा, घुबड, कासव, सिंह शोधा, मुलांनाही गोष्ट ओळखता येते. ‘असतील तर’ म्हणण्याचे कारण असे की कागदावरची चित्रे ठरावीक काळाने काढून अंधारात विश्रांतीला ठेवतात आणि दुसरी मांडतात. इंटरनेटवर पाहिलेले चित्र त्या दिवशी भिंतीवर असेलच असे नाही. एखादेच विशिष्ट चित्र पाहायला लांबून येणार असाल तर आधी चौकशी करा.

उरलेला तास

शस्त्रांची आवड असेल तर अकबराच्या नावाचे पोलादी चिलखत आणि ढाल पाहा. छातीवरच्या पत्र्यावर कुराणातली वचने कोरलेली आहेत. युरोपीय चित्रे, चिनी-जपानी भांडी आणि तपकिरीच्या नाजूक चिनी बाटल्या पाहायच्या असतील तर त्या मुख्यतः सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा या भावांच्या संग्रहातून आल्या आहेत. तीनही एका तासात नको, एकच निवडा.

मला विचाराल तर उरलेला वेळ निमरूदच्या शिल्पपटांना द्या. इराकमधल्या या प्राचीन शहरात असुरनासिरपाल दुसरा या राजाने इसवी सनापूर्वी नवव्या शतकात राजवाडा बांधला. त्याच्या भिंतींवरचे हे दगडी पट. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिथे उत्खनन झाले तेव्हा निघालेला माल तराफ्यांवरून तैग्रिस नदीने बसऱ्याला, तिथून जहाजाने मुंबईला आणि मग लंडनला जाई. मुंबई हे त्या वाटेवरचे बंदर. निमरूदची शिल्पे आपल्याला लोकलच्या तिकिटात पाहता येतात ती या जलमार्गामुळे. दगड जिप्समचा, मऊ. म्हणूनच दाढीची एकेक वळी आणि दंडाचे स्नायू इतके रेखीव कोरता आले. आपल्या बेसाल्टमध्ये हे काम करायला छिन्नी किती झिजली असती, ते घारापुरीच्या मूर्ती आठवून ताडून पाहा.

मुले सोबत असतील तर

वर सांगितलेला क्रम विसरा आणि थेट प्राणी-पक्ष्यांच्या दालनात जा. हा विभाग बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मदतीने उभा राहिला. तिथले काचेआडचे देखावे, म्हणजे पेंढा भरलेले प्राणी त्यांच्या अधिवासासह मांडण्याची पद्धत, निसर्ग अभ्यासक एस. एच. प्रेटर यांनी अमेरिकेतली संग्रहालये पाहून इथे आणली. रोहित पक्ष्यांचा देखावा शोधा. ठाणे खाडीत, ऐरोलीच्या बाजूला हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत दिसणारे रोहित मुलांनी पाहिलेले असतात. पण त्यांची घरटी इथे नसतात. कच्छच्या रणात ते चिखलाचे बुटके मनोरे रचून त्यावर अंडे घालतात. हे सांगून मग मुलांना देखाव्यात चोच, पाय आणि पिसांचा रंग टिपायला लावा. वही-पेन्सिल नक्की द्या, चालेल का ते तिथल्या कर्मचाऱ्याला विचारून. चित्र काढणारे मूल एका काचेसमोर वीस मिनिटे थांबते.

आवारातच २०१९ पासून वेगळे बालसंग्रहालय आहे, जुन्या गोरखचिंचेच्या झाडाच्या सोबतीने. तिथल्या कार्यक्रमांच्या वेळा आधी पाहून ठेवा.

शिक्षकांसाठी एक माहिती: शाळेला मुंबईपर्यंत सहल नेणे जमत नसेल तर संग्रहालयाची फिरती बस, ‘म्युझियम ऑन व्हील्स’, २०१५ पासून शाळांपर्यंत जाते. शहापूर-मुरबाडकडच्या शाळांनी तर यासाठी अर्ज करून पाहावाच.

नेहमी बिघडते ते कुठे

गेटवे, बोटीची चक्कर आणि खरेदी आटोपून चार वाजता इथे येणे ही पहिली चूक. पाय आधीच दुखत असतात आणि साडेपाचपासून दालने आवरायला सुरुवात होते. दुसरी, उपाशीपोटी येणे. दालनात खाता येत नाही. आवारात खाण्याची सोय आहे, पण दुपारी एकच्या सुमारास रांग लागते, म्हणून साडेबाराला किंवा दोननंतर जा. बाहेर पडून परत आत येता येईल का, हे तिकीट घेतानाच विचारून ठेवा. तिसरी, प्रत्येक पाटी वाचण्याचा हट्ट. दहा वस्तू निवडा, त्यांच्यापुढे पाच-पाच मिनिटे थांबा, बाकीच्या समोरून चालत जा. पावसाळ्यात ओली छत्री आत नेऊ देत नाहीत, आणि नेऊही नये. आतली हवा कोरडी राखण्यासाठी तिथे बराच खटाटोप चालू असतो.

परतीच्या वाटेवर

दुपारी तीनला बाहेर पडलात आणि अंगात जोर असेल तर मध्य मार्गावरची दोन ठिकाणे या फेरीला जोडता येतात. दोन्हींसाठी स्लो लोकल धरा, फास्ट परळला थांबत नाही.

भायखळ्याला उतरून राणीच्या बागेशेजारच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बागेत दगडी हत्ती आहे. घारापुरीला पोर्तुगीजांनी ‘एलिफंटा’ नाव ज्याच्यावरून दिले तो हाच. १८१४ मध्ये बेटावरच त्याचे डोके आणि मान तुटून पडली, पुढे त्याचे तुकडे मुंबईत आणून १९१४ मध्ये पुन्हा जोडले. सांधे जवळून पाहिले तर कळतात. बुधवारी इथे जाऊ नका, त्या दिवशी बंद असते.

परळला उतरलात तर बारादेवी मंदिरात मूळ शिवप्रतिमा आहे. सकाळी प्लास्टरची प्रतिकृती पाहिलेली असल्याने इथे दगडाचा पोत आणि गणांच्या हातातली वाद्ये यांच्याकडे लगेच लक्ष जाईल. हे चालते देवस्थान आहे. चप्पल बाहेर काढा, मूर्तीला हात लावू नका, फोटो काढण्याआधी पुजाऱ्यांना किंवा तिथल्या माणसांना विचारा. संध्याकाळी साडेपाचच्या आत परळ सोडा, नंतर कल्याणकडच्या गाडीत पाय ठेवायला जागा मिळत नाही.